तरीवाल्याला सांगायचं ते

रात्री पावणेदहा. बर्फाच्या कारखान्यात
कॉम्प्रेसरची घरघर टेबलाच्या पायांतून वर चढते
आणि स्क्रीनवर तेच: चारशे सात.
सकाळपासून एकोणतीस वेळा.
हा नकार नव्हे. वाटेवरचा माणूस
आधी विचारतोय, तू कोणाची?

सांगितलंय की मी.
स्वच्छ, हेडरमध्ये, एकाखाली एक,
धक्क्याचा नंबर, कारखान्याचं टोकन,
सुरमईच्या लॉटची खूण, तापमान उणे अठरा.
चेन्नईला कुठेतरी बसलेल्या सर्व्हरला हे सगळं हवंय,
आणि मधे रत्नागिरीच्या हेड ऑफिसचा प्रॉक्सी,
ज्याच्या हातून गेल्याशिवाय
आमची एक ओळ जयगडबाहेर पडत नाही.

दळीसाहेबांचा तिसरा फोन.
कंटेनर पहाटे चारला निघतो, निशिगंधा,
कागद गेले नाहीत तर माल इथेच.
जातील, म्हटलं.
कसे, ते माहीत नव्हतं.

पाय मोकळे करायला खाली तरीवर आले.
शेवटची फेरी लागलेली. ओहोटीचा चिखल उघडा,
याकूब होडेकर दोर गुंडाळत होता,
शेजारी फळीवर एक लखोटा,
चारी कडांना खळ, वर काहीच नाही.
कोणाचा?
"तवसाळच्या मास्तरीणबाईंचा. म्हनल्या, आत सगळं लिवलंय.
आत लिवलंय त्ये ज्याचं त्याला.
मना वरचं दिसतं."
तीनदा खाडी ओलांडून
तीनदा परत आला होता तो लखोटा.

मी हसले. काय झालं म्हणाला.
काय सांगणार?

वर येऊन कोड उघडला.
सुरक्षित जोडणीत प्रॉक्सीशी बोलणं एवढंच असतं:
अमक्या यजमानाकडे, अमक्या पोर्टापर्यंत नेऊन सोड.
तो हो म्हणाला की बोगदा पडतो,
पुढचं सगळं कुलपात जातं,
त्याला नुसती खळखळ ऐकू येते.
माझी ओळख मी कुलपाच्या आत ठेवली होती
आणि कुलूप लागण्याआधी ती मागणाऱ्याला
दिवसभर शिव्या घालत होते.

लायब्ररीत दुसरी जागा होती,
प्रॉक्सीच्या हेडरसाठी वेगळी,
माहितीच्या पानाच्या अगदी तळाशी.
घाईत मी सगळंच तिथे ओतलं.
टोकन, लॉट, खरेदीदाराचं नाव, भाव.
बोट एंटरवर.

मग थांबले.
याकूबला वाचता येत नाही असं नाही.
बी.एससी.च्या वर्षी मी पलीकडे चिठ्ठ्या पाठवायचे,
लखोट्याला पैसे कुठले, चार घड्या घालून त्याच्या हातात.
कधी एक शब्द बोलला नाही.
पण ते लग्न मोडलं तेव्हा
महिनाभर त्याने माझ्याकडून भाडं घेतलं नाही,
आणि कोणी सांगितलं होतं त्याला?

एकेक ओळ परत आत नेली.
बाहेर ठेवली फक्त प्रॉक्सीची खूण,
त्याच्यापुरती.
आधी त्याचं दोनशे आलं.
मग, बऱ्याच वेळाने,
कॉम्प्रेसर एकदा थांबून पुन्हा सुरू होईतो,
आतलं.

कंटेनर चारला गेला. मी झोपले नाही,
साडेसहाला चहासाठी धक्क्यावर उतरले तर
तवसाळकडून पहिली फेरी लागत होती.
मास्तरीणबाई स्वतः आल्या होत्या,
लखोटा मांडीवर, त्यावर दोन्ही तळवे.
अजून कोरा.
मी पर्समधून पेन काढून पुढे केलं.
त्यांनी पेनाकडे बघितलं, मग याकूबकडे,
मग मान वळवून पाण्याकडे.
याकूब वाकून नांगराचा चिखल धूत राहिला,
होता त्याहून जास्त वेळ.